न विचारलेला प्रश्न

नवी वस्तु विकत घेतांना आपला संबंध मुख्यतः पैशाशीं येतो. जुनी वस्तु विकत घेतांना तो माणसाशीं येतो. नव्या वस्तूच्या अंगावर किंमत छापलेली असते, तिच्या पाठीशीं कारखानदाराची हमी असते, आणि ती बिघडलीच तर कोणाच्या दारीं जावयाचें हें आधींच ठरलेलें असतें. जुन्या वस्तूला मात्र पूर्वायुष्य असतें. तें एकालाच ठाऊक असतें, आणि नेमका तोच ती विकावयास बसलेला असतो. यंदाच्या उन्हाळ्यांत एक जुनी मोटार पाहण्याच्या निमित्तानें हा साधा भेद मला प्रथमच नीट उमगला; आणि उमगला तो अशा रीतीनें, कीं मोटारीची परीक्षा करावयास निघालेला मी शेवटीं स्वतःच परीक्षेस बसलों. ती हकीकत येथें सांगण्याचें कारण इतकेंच, कीं तींतला प्रश्न माझ्या एकट्याचा नाहीं.

मी पाहावयास गेलों ती मोटार २०१४ सालीं नोंदलेली, हायब्रिड जातीची होती. हा शब्द आमच्या कोल्हापूरकडे मोटारीच्या फार आधीं ज्वारीच्या पोत्यांतून आला. १९६४ सालीं सी. एस. एच. १ हें संकरित ज्वारीचें वाण प्रसृत झालें, आणि पुढें खेड्यापाड्यांतून भाकरीचा तुकडा मोडतांना 'ही हायब्रिडची काय?' असें नाक मुरडून विचारण्याची रीत पडली. मोटारीच्या बाबतींत मात्र या शब्दास प्रतिष्ठा आहे. अशा गाडींत पेट्रोलचें एंजिन आणि विजेची मोटर हीं दोन्ही एकत्र नांदतात. गाडी हळू चालली असतां वीज तिला ओढते. वेग वाढला किंवा चढ लागला कीं एंजिन पुढें होतें. आणि ब्रेक दाबला कीं एरवीं उष्णतेच्या रूपानें वायां जाणाऱ्या शक्तीचा कांहीं भाग विजेच्या रूपानें बॅटरींत परत जमा होतो. रात्रीं उरलेल्या भाताला सकाळीं फोडणी देणाऱ्या गृहिणीची काटकसर या यंत्रानें उचलली आहे, असें म्हटलें तरी चालेल. फर्डिनांड पोर्शे यानें १९०० च्या सुमारास असा संयोग करून पाहिला होता. परंतु तो मोठ्या प्रमाणावर विक्रीस आला १९९७ सालीं, जपानांत, टोयोटाच्या प्रियस गाडीच्या रूपानें. आपल्या देशांत होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ सालीं, प्रियस २०१० सालीं आणि कर्नाटकांतील बिडदीच्या कारखान्यांत जुळविलेली कॅमरी हायब्रिड २०१३ सालीं आली. त्या वेळीं या गाड्या श्रीमंतांच्याच दारीं दिसत. आतां त्यांचें वय झालें आहे, किमती उतरल्या आहेत, आणि प्राध्यापकी पेशाच्या माणसालाहि त्यांचा भाव विचारण्याचें धैर्य होऊं लागलें आहे.

परंतु भाव विचारणें सोपें, परीक्षा करणें कठीण. जुन्या पेट्रोल गाडीची परीक्षा आमच्या उद्यमनगरांतला कोणताहि जाणता मिस्त्री निम्मीअधिक कानांनींच करतो. एंजिन सुरू केलें, क्षणभर मान तिरकी करून ऐकलें, कीं त्याचें मत तयार होतें. हायब्रिड गाडी कळ दाबली तरी मौन धरून बसते. एंजिन सुरू होईल तें तिच्या मर्जीनें. तिचें खरें वय असतें बॅटरींत, आणि ती बॅटरी आसनाच्या आड झांकलेली असते. तिला जोडणाऱ्या जाड तारा नारिंगी रंगाच्या असतात. अनभिज्ञ माणसानें आम्हांस हात लावूं नये, एवढेंच तो रंग सांगतो. २०१० सालीं येथें आलेल्या प्रियसच्या बॅटरींत ७.२ व्होल्टचे २८ संच एकापुढें एक जोडलेले असून त्यांची बेरीज २०१.६ व्होल्ट होते. यांतला एक संच दुबळा झाला तरी सगळी रांग अडखळते. एकत्र कुटुंबांत एकाचें दुखणें सर्वांस भोगावें लागतें, तसेंच हें. शिवाय ही बॅटरी केवळ धांवण्यानें झिजत नाहीं, उन्हानें आणि वर्षांनीं झिजते. म्हणून 'गाडी फारशी चाललेली नाहीं' हें विकणाऱ्याचें आवडतें वाक्य येथें पुरेसें नाहीं. आजचे कांहीं कारखानदार हायब्रिड बॅटरीस ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं भरेल तेथपर्यंत हमी देतात. ११ वर्षांच्या गाडीला तो आधार कोठून असणार?

आपल्या पूर्वजांनीं या गोष्टींचा विचार केला नव्हता असें नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेस किती दिवस द्यावे याचा हिशेब आहे. लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, ओझें वाहणाऱ्या जनावराला ५, रत्नांना ७ आणि बियाण्याला १० दिवस. वस्तूचा गुण जितका आंत दडलेला, तितकी मुदत लांब, असा या क्रमाचा मला अर्थ दिसतो. लोखंड टिचकी मारून कळतें. बीं मात्र मातींत घालून वाट पाहावी लागते. आतां ही हायब्रिड मोटार कोणत्या सदरांत घालावयाची? सांगाडा पाहावा तर ती लोखंड आहे. कामानें ती ओझें वाहणारें जनावर आहे. आणि तिच्या पोटांतली बॅटरी तर बियाण्यासारखी, उगवेपर्यंत न कळणारी. जनावरांच्या बाजारांत बैलाचे दांत मोजून वय काढतां येतें, चालवून लंगडेपण दिसतें. पण तो नांगराला जुंपल्यावर बसकण मारतो कीं नाहीं, ही खोड मालकानें सांगितली तरच कळते.

तरी आमच्या मिस्त्रींनीं आपल्या परीनें परीक्षेंत कसूर केली नाहीं. गाडी रात्रभर उभी राहून थंड झाली असतां सकाळीं पाहावी, असें त्यांनीं आधींच बजावलें होतें; कारण तापलेली गाडी आपलीं दुखणीं लपविते. मालक हे निवृत्त गृहस्थ, वयानें मजहून दहाबारा वर्षांनीं वडील. त्यांनीं किल्ली आनंदानें दिली. आम्हीं पन्हाळ्याचा रस्ता धरला. वाघबीळाजवळ चढ लागला तेव्हां मिस्त्रींची दृष्टि रस्त्यावर नव्हती. बॅटरींत किती वीज उरली हें दाखविणाऱ्या चित्रावर होती. चढावर ती वीज भरभर संपली आणि उतारावर तितक्याच भरभर भरली, तर बॅटरीची धारणाशक्ति आटली असें समजावें. लहान भांडें लवकर भरतें आणि लवकरच रितें होतें. या गाडीचें चित्र बेतानें उतरलें, बेतानें चढलें. मी मनांतल्या मनांत सौदा पुरा करून टाकला. परंतु परत आल्यावर मिस्त्रींनीं मागचा गालिचा उचलला, सुट्या चाकाखालचा खळगा बोटानें चांचपला, आसनांच्या रुळांचे नटबोल्ट विजेरीच्या उजेडांत पाहिले, आणि शेवटीं आसनाचा पट्टा पार मुळापर्यंत बाहेर ओढला. तेथें एक पुसट, मातकट रेघ होती.

"सर," ते हात पुसत म्हणाले, "गाडी दिसायला झ्याक हाय, पन हिनं एकदां पंचगंगेचं पानी पेल्यालं हाय."

कोल्हापूरकरांस याहून अधिक सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलें कीं इशारा आणि ४३ फुटांवर गेलें कीं धोका, हे आंकडे येथील शाळकरी पोरांनाहि पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेनें ती दुसरी रेषा मागें टाकली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं गेला, आणि ज्या गल्ल्यांत कधीं पाणी येत नाहीं असें वाडवडील सांगत आले होते त्या गल्ल्यांत होड्या फिरल्या. त्या दोन्ही पुरांत किती मोटारी बुडाल्या असतील! त्या सगळ्याच कांहीं भंगारांत गेल्या नाहींत. धुतल्या, वाळविल्या, रंगविल्या, आणि कोणाच्या ना कोणाच्या दारीं जाऊन उभ्या राहिल्या. साध्या गाडीला असें स्नान एक वेळ सोसतें. हायब्रिडच्या बॅटरीजवळ आणि विजेच्या जोडांत ओल शिरली, तर तिचा गंज वर्षांनंतरहि वर येऊं शकतो.

मी घरीं आलों तो संतापलेला. 'वयोवृद्ध, सुशिक्षित माणूस, समोर बसून चहा पाजतो, आणि एवढी गोष्ट बोलत नाहीं!' असें बरेंच कांहीं बोलून झाल्यावर, पेशाच्या संवयीनें, मीं विषयास शास्त्राचा आधार दिला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला होता. २००१ सालीं त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकाशीं त्या विचाराचा निकट संबंध आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडी चांगली कीं वाईट हें विकणाऱ्यास कळतें, घेणाऱ्यास कळत नाहीं. म्हणून घेणारा मधलाच कांहीं भाव देऊं करतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाहीं. वाईट गाडीचा मालक आनंदानें होतो. अशानें बाजारांतून चांगला माल हळूहळू उठतो आणि खोटा तेवढा उरतो. थोडक्यांत, एकाचें मौन सगळ्या बाजारास बाधतें. "तेव्हां हे गृहस्थ," मीं समारोप केला, "केवळ माझेंच नव्हे, समाजाचें नुकसान करीत आहेत."

माझी पत्नी शेंगा सोलीत बसली होती. मान वर न करतां तिनें विचारलें, "अहो, आपली गाडी त्या मुलाला दिली, तेव्हां रमणमळ्यांतलं पाणी सांगितलं होतंत का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं.

गोष्ट खरी होती. २०१९ च्या पुरांत आमची जुनी पेट्रोल गाडी दोन दिवस पाण्यांत उभी होती. पाणी आसनांपर्यंत आलें होतें. मीं ती नीट दुरुस्त करून घेतली, पुढें चार वर्षें ती वापरली, आणि २०२३ सालीं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यास विकली. तो आतां तासिका तत्त्वावर अध्यापन करतो. त्यानें कागदपत्र पाहिले, टायर पाहिले, आणि मी सांगितलेली किंमत मान्य केली. पुराविषयीं त्यानें विचारलें नाहीं. मींहि सांगितलें नाहीं. त्या वेळीं मला यांत कांहीं गैर वाटलें नव्हतें. मी खोटें बोललों नव्हतों. किंमत बाजारभावाची होती. गाडी चालत होती. इतकीं उत्तरें असतांना पत्नीच्या एका प्रश्नानें मी कां गडबडावें?

त्या रात्रीं मीं प्रथम कायद्याकडे धांव घेतली. कारण नीतीपेक्षां कायदा अधिक क्षमाशील असतो, असा माझा अनुभव आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यांतहि 'घेणाऱ्यानें सावध असावें' या तत्त्वाला स्थान आहे. त्याहून जुन्या, १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमांत तर माझ्याच प्रसंगाचें चित्र सांपडलें. फरक इतकाच, कीं तेथें मोटारीऐवजीं घोडा आहे. मालकास घोड्याचें दुखणें ठाऊक आहे; तो लिलावांत घोडा विकतो आणि कांहीं बोलत नाहीं. ही फसवणूक नव्हे. मला हायसें वाटलें. पण लगेच दुसरें उदाहरण येतें: घेणारी ही त्या मालकाची नुकतीच वयांत आलेली मुलगी आहे. येथें त्या नात्यामुळेंच दुखणें सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. तिसऱ्या उदाहरणांत घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाहीं म्हणालां नाहींत, तर घोडा धडधाकट आहे असें मी समजेन.' मालक गप्प राहतो. येथें त्याचें गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच आहे.

या तीन घोड्यांनीं माझी झोंप घालविली. माझा विद्यार्थी लिलावांतला तिऱ्हाईत होता, कीं त्या मुलीच्या जागीं होता?

हा वाद कायद्याहून पुष्कळ जुना आहे. सिसेरो या रोमन पंडितानें इ. स. पूर्वीं ४४ सालीं लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी धान्याचें गलबत घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे, बेटावरील लोकांस नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस म्हणतो, कायद्यानें जेवढे दोष सांगावयास लावले तेवढे सांगावे, पुढें मौन हा कांहीं गुन्हा नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्यापासून कांहींच लपवूं नये. सिसेरो शेवटीं शिष्याच्या बाजूनें कौल देतो.

डायोजिनीसचा पक्ष मला अगदींच टाकाऊ वाटत नाहीं. विकणाऱ्यानें प्रत्येक ओरखडा, प्रत्येक कुरकुर सांगत बसावें म्हटलें, तर कोणताहि सौदा पुरा व्हावयाचा नाहीं. शिवाय घेणाऱ्यासहि डोळे, कान आणि जीभ दिलेली आहे. त्यानें त्यांचा उपयोग करूं नये, आणि मागाहून दुसऱ्याच्या नांवें बोटें मोडावीं, हेंहि न्यायाचें नव्हे. म्हणून मला वाटतें, मर्यादा घालावयाची ती अशी: जें दिसतें तें पाहणाऱ्यानें पाहावें, जें दिसत नाहीं, आणि कळलें तर घेणाऱ्याचें मन किंवा भाव बदलेल, तें जाणणाऱ्यानें सांगावें. दारावरचा पोंचा मीं सांगितला नाहीं तरी चालेल. आसनाखालचा पूर मला सांगितलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मी त्या विद्यार्थ्याकडे गेलों. एका खोलीचें घर. दाराशीं माझी जुनी गाडी, पुसून स्वच्छ ठेवलेली. मीं प्रस्तावना न करतां सगळें सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत दिव्यांच्या आणि कांचांच्या तारा दोनदां बदलाव्या लागल्या, एवढें त्यानें सांगितलें. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही रमणमळ्यांत राहतां हें मला माहीत होतं. पाण्याबद्दल विचारायचं मनांत आलंहि होतं. पण तुम्हांला कसं विचारणार?"

हें वाक्य मी विसरूं शकत नाहीं. त्यानें विचारलें नाहीं तें आळसानें नव्हे, अज्ञानानेंहि नव्हे, माझ्याविषयींच्या आदरानें. आणि त्याच आदराच्या आडोशाला मी दोन वर्षें निर्धास्त बसलों होतों. 'त्यानें विचारलें नाहीं' ही माझी सगळ्यांत बळकट सबब होती. तीच माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभी राहिली. कायद्यानें बापलेकीचें उदाहरण कां घेतलें, तें मला तेव्हां कळलें. जेथें घेणाऱ्याची जीभ नात्यानें, आदरानें, गरजेनें किंवा अडाणीपणानें बांधलेली असते, तेथें त्याचा प्रश्न विकणाऱ्यानेंच स्वतःला विचारावयाचा असतो. डॉक्टरपुढें बसलेला रोगी, वकिलापुढें बसलेला पक्षकार, शिक्षकापुढें उभा असलेला विद्यार्थी, हे सगळे त्या मुलीच्याच जागीं असतात. आपणां मध्यमवर्गीयांचें पुष्कळसें प्रामाणिकपण असें आहे, कीं विचारलें असतां आपण खोटें बोलत नाहीं. आणि आपल्याला कोणी विचारणार नाहीं, अशी आपली समाजांतली जागा असते.

तारांचा खर्च मीं देऊं केला. त्यानें आढेवेढे न घेतां तो घेतला, याबद्दल मी त्याचा आभारी आहें. तो नको म्हणाला असता, तर मला आणखी एका ऋणाखालीं राहावें लागलें असतें.

त्यानंतर मी हायब्रिड गाडीच्या मालकांकडे पुन्हा गेलों. संताप उरला नव्हता. संतापण्याचा अधिकारच उरला नव्हता. मीं सरळ विचारलें, "काका, गाडी पुरांत होती असं मी समजून चालतों. नसेल तर तसं सांगा." करार कायद्यांतल्या तिसऱ्या घेणाऱ्याची ही भाषा होती. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, उठले, आणि आंतून एक जाड फाइल घेऊन आले. २०२१ च्या जुलैंत पाणी गाडीच्या आसनाला लागलें होतें. बॅटरी उघडून वाळविली होती, तिच्यांतले चार संच बदलले होते. प्रत्येक कामाचें बिल तारखेनुसार लावलेलें होतें. "तुमच्या आधीं तिघे येऊन गेले," ते म्हणाले. "रंग पाहिला, सरासरी विचारली. हें कोणी विचारलं नाहीं. मग मीहि म्हटलं, आपण होऊन कशाला?" हे शब्द माझेच होते, फक्त दुसऱ्याच्या तोंडीं.

ती गाडी मीं घेतली. भाव आम्ही दोघांनीं मिळून उतरविला, आणि जेवढा उतरला तेवढी रक्कम पुढेंमागें लागणाऱ्या बॅटरीसाठीं बाजूला ठेवली. मिस्त्रींच्या मतें ती कांहीं वर्षें चालेल. कांहीं म्हणजे किती, हें तेहि सांगत नाहींत. २०२९ सालीं तिच्या नोंदणीचीं १५ वर्षें भरतील. त्याच्या आधीं किंवा नंतर, केव्हां तरी, ती दुसऱ्याच्या हातीं जाईल. त्या दिवशीं माझी स्मृति सोयीस्करपणें दुबळी होऊं नये, म्हणून काकांच्या फाइलींत पहिल्याच पानावर मीं माझ्या हातानें लिहून ठेवलें आहे: जुलै २०२१, पुराचें पाणी आसनापर्यंत. खालीं बरीच जागा कोरी आहे.